डायसर नावाची कात्री २२ कसं मोजते?

शाईपेन | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आज बारावीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं, "डायसर हे विकर दुपदरी आरएनएचे साधारण २२ अक्षरांचे (न्यूक्लिओटाइडचे) तुकडे करतं." मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "मॅडम, त्याला २२ कसं कळतं? डोळे नाहीत, पट्टी नाही, आणि आकडे तर नाहीतच."

मी तिला शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली आहे. तिला "निसर्गाची किमया" असं उत्तर द्यायचं नाही, म्हणून इथे विचारते.

मला माहीत आहे ते असं. पेशीच्या केंद्रकात डीएनएवरून एक लांबलचक आरएनए तयार होतो आणि तो स्वतःवरच दुमडतो, केसात खोचायच्या पिनेसारखा. ड्रोशा नावाचं विकर त्या पिनेचं बूड छाटतं. उरलेली ६०-७० अक्षरांची पिन केंद्रकाबाहेर येते आणि तिथे डायसर तिचं वरचं वळण कापून टाकतो. राहतो २२ अक्षरी दुपदरी तुकडा. त्यातला एक पदर अर्गोनॉट नावाचं प्रथिन धरून ठेवतं, आणि त्या पदराशी जुळणारे, प्रथिनं बनवायला सांगणारे आरएनए संदेश शोधून गप्प करतं. हा छोटा पदर म्हणजे मायक्रोआरएनए. माणसाचा डायसर ही १९२२ अमिनो आम्लांची एकच साखळी आहे, तिचा जनुक चौदाव्या गुणसूत्रावर आहे.

इथपर्यंत पुस्तकात आहे. मोजतो कसा, ते नाही.

घाटमाथा | सोमवार, रात्री ९:२२

प्रश्न विचारणाऱ्या मुलीला शाबासकी सांगा. वाचतोय.

पिपेट | सोमवार, रात्री ९:४८

आरएनए कापणारं विकर म्हटलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो. संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी मी यकृताच्या पेशींतून आरएनए काढत होते. दोन दिवसांचं काम. जेलवर रायबोसोमच्या आरएनएचे दोन ठसठशीत पट्टे दिसायला हवे होते, २८एस आणि १८एस. दिसलं काय, तर तळाशी धुरकट फराटा. सगळ्या आरएनएचा भुगा. नंतर आठवलं, हातमोजे काढून बर्फाच्या डब्याचं झाकण उघडलं होतं, मग तेच झाकण मोजे घालून धरलं, मग नळी.

आपल्या कातडीवरच आरएनए कापणारी विकरं असतात. त्यातलं आरएनेझ ७ तर त्वचेवरच्या जंतूंना मारायच्या कामाचं. या कुळातली विकरं उकळली तरी मरत नाहीत, गार झाली की पुन्हा घडी घालून कामाला हजर! म्हणून काचेची भांडी आम्ही डीईपीसी हे रसायन घातलेल्या पाण्याने धुवायचो. तेव्हा मॅडम, माझा अनुभव सांगतो की ही विकरं काही मोजत नाहीत. दिसेल तिथे कापतात.

अनुस्वार | सोमवार, रात्री १०:३०

पिपेट, दोन दिवस वाया गेल्याचं दुःख मला नीट कळतं. पण तुमचा गुन्हेगार वेगळ्या कुळातला आहे आणि डायसर वेगळ्या. तुम्ही म्हणता ते आरएनेझ ए कुळ. ही विकरं लहान असतात, स्वादुपिंडातलं माणसाचं विकर जेमतेम १२८ अमिनो आम्लांचं. एकेरी आरएनएवर सी किंवा यू अक्षर दिसलं की त्यापुढे कापतात. त्यांना धातू लागत नाही, दोन हिस्टिडीन पुरतात. डीईपीसी त्या हिस्टिडीनलाच निकामी करतं.

डायसर आरएनेझ ३ कुळातला. त्याला दुपदरी आरएनए लागतो, मॅग्नेशियम लागतं, आणि तो ठरलेल्या लांबीवरच कापतो. २००१ साली एमिली बर्नस्टीन, ग्रेगरी हॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फळमाशीच्या पेशींत तो शोधला. लांब आरएनएचे एकसारखे तुकडे पडताना दिसले म्हणून नाव डायसर, आपल्या भाषेत फोडी करणारा. त्याच वर्षी माणसाच्या पेशींतही दिसलं की डायसर कमी केला तर लेट-७ हा मायक्रोआरएनए नीट तयार होत नाही.

मोजण्याबद्दल उद्या सविस्तर लिहितो, उद्या सकाळची पाळी आहे.

घाटमाथा | सोमवार, रात्री १०:३४

म्हणजे एक कुळ भुगा करणारं आणि एक फोडी करणारं. कूट आणि काप. लक्षात राहील.

मोगरा_दादर | मंगळवार, सकाळी ७:०५

मला विज्ञानातलं फार कळत नाही, पण शीर्षक वाचून आले. माझी आई पंचवीस वर्षं स्टेशनबाहेर गजरे विकायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "मावशी, दोन हात द्या." आई कोपराच्या टोकाला गजऱ्याचं तोंड लावायची, मधल्या बोटापर्यंत माळ ताणायची आणि बोटाशी ब्लेडने दोरा कापायची. तिने आयुष्यात पट्टी हातात घेतली नाही आणि गजरा कधी आखूड पडला नाही. तिचा हात हीच पट्टी.

या विकराचंही तसंच काही असेल का? चुकत असेन तर सांगा.

अनुस्वार | मंगळवार, दुपारी १:१५

मोगराताई, चुकत नाही आहात. अगदी तसंच आहे! मी रात्रीपासून उदाहरण शोधत होतो, ते तुम्ही आईच्या हातातून काढून दिलंत.

डायसरचा आकार इंग्रजी एल अक्षरासारखा. वरच्या टोकाला पाझ नावाचा भाग, त्यात एक खाच आहे. ड्रोशाने बूड कापताना एका पदराची दोन अक्षरं बाहेर लोंबती ठेवलेली असतात, ती या खाचेत बसतात. हे झालं आईचं कोपर. शेजारच्या खिशात दुसऱ्या पदराचं फॉस्फेट असलेलं टोक अडकतं. तिथून खाली एक ताठ दांडा आहे, तो म्हणजे हाताची लांबी. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला ब्लेड.

हे पहिल्यांदा नीट दिसलं २००६ साली, इयान मॅकरे, जेनिफर डाउडना आणि सहकाऱ्यांच्या कामातून. त्यांनी जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीचा डायसर घेतला, कारण तो लहान आणि आटोपशीर. त्यात पाझपासून ब्लेडपर्यंतचं अंतर भरलं ६५ अँगस्ट्रॉम, म्हणजे साडेसहा नॅनोमीटर. दुपदरी आरएनएची सुमारे २५ अक्षरं तेवढ्याच जागेत मावतात.

माणसाचा डायसर मोठा आणि लवचिक, रचना पाहायला लागणारे त्याचे स्फटिक काही केल्या बनेनात. गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत सुधारली तेव्हा वाट मोकळी झाली. २०१८ साली बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठातल्या गटाने टीआरबीपी या जोडीदार प्रथिनासकट त्याची रचना दाखवली, पण त्यात आरएनए नुसता येऊन बसलेला होता, ब्लेडपर्यंत पोचलेला नव्हता. प्रत्यक्ष कापायच्या पवित्र्यातला डायसर २०२३ साली सोलमधल्या नॅरी किम आणि सुंग-हून रो यांच्या गटांनी दाखवला.

शाईपेन | मंगळवार, दुपारी ३:४०

अनुस्वार, मोगराताई, दोघांचे मनापासून आभार. स्टाफरूममध्ये वाचताना शेजारच्या बाईंना हात लांब करून दाखवलं.

एक शंका. आरएनए दुपदरी आहे, म्हणजे दोन दोरे. मग ब्लेड एक की दोन?

अनुस्वार | मंगळवार, रात्री ८:५०

दोन. जिवाणूंच्या आरएनेझ ३ मध्ये दोन सारखे रेणू एकमेकांना चिकटून जोडी करतात, प्रत्येकाचं एक पातं. डायसरमध्ये ही दोन्ही पाती एकाच साखळीत ओवलेली आहेत, ३ए आणि ३बी. ती आपसात जोडी करतात. प्रत्येक पात्याच्या धारेशी मॅग्नेशियमचे दोन आयन आणि ते धरून ठेवणारी आम्लधर्मी अमिनो आम्लं. आरएनएच्या सुरुवातीच्या टोकाला ५ प्राइम म्हणतात, शेवटच्या टोकाला ३ प्राइम. ३ए पातं पिनेचा ३ प्राइम बाजूचा पदर कापतं, ३बी पातं ५ प्राइम बाजूचा. दोन काप समोरासमोर नसून दोन अक्षरं मागेपुढे पडतात, म्हणून नव्या टोकालाही दोन अक्षरं लोंबती राहतात.

एलच्या आडव्या बाजूला हेलिकेझ नावाचा भाग आहे. माणसात हा भाग पिनेच्या वळणाला आधार देतो आणि लगामही घालतो. तो काढून टाकला की डायसर उलट जास्त वेगाने कापतो.

शहाद्याचा_पपईवाला | बुधवार, सकाळी ६:३०

रामराम. मी पपई लावतो. रिंगस्पॉट व्हायरसने गेल्या हंगामात निम्मी बाग पिवळी पडली, पानं दोरीसारखी झाली. कृषी मेळाव्यात एकाने सांगितलं की झाडाच्या आतही व्हायरसचा आरएनए कापणारी कात्री असते. मग ती माझ्या बागेत काय करत होती?

पिपेट | बुधवार, सकाळी ११:२०

दादा, बाग गेल्याचं वाचून वाईट वाटलं. सांगणाऱ्याने खरं सांगितलं आहे. झाडात एक नाही, अनेक डायसर असतात. व्हायरस वाढताना त्याचा आरएनए दुपदरी होतो, झाडाचा डायसर त्याच्या फोडी करतो आणि त्या फोडी वापरून झाड उरलेला व्हायरस हुडकतं.

पण रिंगस्पॉटच्या कुळातल्या व्हायरसजवळ एक प्रथिन असतं. ते या कापलेल्या तुकड्यांनाच घट्ट धरून ठेवतं, वापरू देत नाही. तुमच्या बागेतली कात्री काम करत होती, तिचा माल मधल्यामध्ये अडवला गेला. हवाईमध्ये १९९८ साली व्हायरसच्या आवरणाचा जनुक घातलेली पपई शेतकऱ्यांना दिली. तिच्यात ही यंत्रणा आधीच जागी असते, म्हणून तिथल्या बागा सावरल्या. आपल्याकडे तूर्त हा व्हायरस पसरवणारी मावा कीड आटोक्यात ठेवणं आणि रोगट झाड दिसताच उपटणं, हेच हातात आहे.

शहाद्याचा_पपईवाला | बुधवार, सकाळी ११:४५

नीट समजलं. मावा पहिल्या महिन्यातच येतो, तिथेच आम्ही कमी पडलो.

मुळाक्षर | बुधवार, दुपारी २:१०

एक आक्षेप नोंदवतो. वरच्या सगळ्या प्रतिसादांत "मोजतो" हा शब्द आला आहे. गजऱ्याचं उदाहरण सुंदर आहे, पण त्यावरून हेच सिद्ध होतं की डायसर अक्षरं मोजत नाही, अंतर मापतो. मोजणं आणि मापणं या आपल्याकडे दोन वेगळ्या क्रिया आहेत. फुलं मोजतात, गजरा मापतात. फुलं दाटीने ओवली तर एका हातात साठ बसतील, विरळ ओवली तर चाळीस.

पिनेच्या पदरांत कुठे जोडी न जुळलेलं अक्षर असेल, फुगवटा असेल, तर तेवढ्याच अंतरात अक्षरं कमीजास्त मावणार. सगळे मायक्रोआरएनए नेमके २२ नसतात, २० ते २४ मध्ये खेळतात, त्याचं एक कारण हे.

घाटमाथा | बुधवार, दुपारी २:१५

फुलं मोजतात, गजरा मापतात. +१. ही ओळ फळ्यावर जायला हवी.

अनुस्वार | बुधवार, रात्री ९:३०

मुळाक्षर, आक्षेप मान्य. मीही ढिला शब्द वापरला.

पण मग पुढचा प्रश्न उभा राहतो. नुसतं अंतर मापून भागतं का? अर्गोनॉट जो पदर धरतो त्याची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरं संदेश शोधायला वापरली जातात. पिनेच्या ३ प्राइम बाजूच्या पदराचं सुरुवातीचं टोक डायसरच्या कापानेच ठरतं. काप एका अक्षराने सरकला की ती सात अक्षरं बदलली, म्हणजे पत्ताच बदलला. दुसऱ्याच कुणाचा संदेश गप्प व्हायचा.

म्हणून डायसर दोन्ही टोकांवरून खात्री करतो. २०११ साली नॅरी किम यांच्या गटाने दाखवलं की माणसाचा डायसर ५ प्राइमचं फॉस्फेट असलेलं टोक खिशात धरून तिथून अंतर मापतो. ३ प्राइमचं लोंबतं टोक पाझमध्ये असतंच. आणि २०२३ साली आणखी एक गोष्ट कळली. कापायच्या जागेजवळ काही पिनांमध्ये एक खूण असते, जीवायएम. आधी जोडीतलं जी, मग सी किंवा यू, मग न जुळलेलं अक्षर. डायसरच्या शेपटाकडचा दुपदरी आरएनए धरणारा भाग ही खूण ओळखतो आणि काप तिथे आणतो. खूण जोरदार असेल तर टोकापासूनच्या मापालाही ती थोडं सरकवते.

मोगराताई, गजऱ्यात असं काही असतं का?

मोगरा_दादर | बुधवार, रात्री ९:५५

असतं की! आई माप घ्यायची हाताने, पण ब्लेड कधी फुलाच्या देठावर चालवायची नाही. बोटाजवळची गाठ चाचपायची आणि गाठीपुढे कापायची, नाहीतर माळ उसवते. कधी अर्धं बोट जास्त जायचं, पण गाठ सोडायची नाही.

शाईपेन | बुधवार, रात्री १०:०५

ताई, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

मायलेक | गुरुवार, रात्री ११:४०

तीन दिवस वाचते आहे. लिहू की नको असं होत होतं.

माझी मुलगी अडीच वर्षांची असताना सारखा खोकला आणि धाप. दोन वेळा न्युमोनिया म्हणून औषधं झाली. तिसऱ्या वेळी एका तरुण डॉक्टरांनी छातीचं सीटी करायला लावलं. डाव्या फुप्फुसात हवेची मोठी पोकळी निघाली. शस्त्रक्रिया झाली, तपासणीत प्लुरोपल्मनरी ब्लास्टोमा (लहान मुलांच्या फुप्फुसातला दुर्मीळ कर्करोग), पहिला प्रकार. मग जनुकीय चाचणी, आणि कागदावर मोठ्या अक्षरात "डायसर १". तोवर हा शब्द मी ऐकलेला नव्हता. डायसरच्या जनुकातला हा बदल तिच्या बाबांकडून आला होता. त्यांना काही त्रास नाही, गळ्याच्या सोनोग्राफीत थायरॉइडच्या दोन बारक्या गाठी तेवढ्या निघाल्या.

आज ती नऊ वर्षांची आहे, सायकल चालवते, दर ठरावीक काळाने तपासणी होते. पण एक गोष्ट मला कुणी समजावली नाही. बाबांकडून आलेला बदल तिच्या प्रत्येक पेशीत आहे, तर गाठ एकाच जागी का झाली?

घाटमाथा | गुरुवार, रात्री ११:४४

लेकीला खूप आशीर्वाद, ताई.

बाळगुटी | शुक्रवार, सकाळी ८:२५

मायलेक ताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या मुलीच्या उपचारांबद्दल इथे काही सांगणार नाही, ते तुमचे डॉक्टरच सांगतील. पण "एकाच जागी का" याचं उत्तर या धाग्यातच अर्धं आलं आहे.

डायसरच्या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती. वारशाने एक प्रत बिघडलेली आली तरी दुसरी काम करते, म्हणून बाबा ठणठणीत आहेत. गाठ तयार होते तेव्हा एखाद्या पेशीत दुसऱ्या प्रतीवरही घाव बसतो. आणि हा घाव कुठेही बसत नाही. तो बहुतेक वेळा ३बी पात्याच्या धारेवर, मॅग्नेशियम धरणाऱ्या मोजक्या अमिनो आम्लांवर किंवा त्यांच्या अगदी शेजारी असतो. साखळीतले १७०५, १७०९, १८०९, १८१०, १८१३ हे क्रमांक पुन्हा पुन्हा सापडतात.

आता अनुस्वारांचा मंगळवारचा प्रतिसाद परत वाचा. ३बी पातं ५ प्राइम बाजूचा पदर कापतं. ते बोथट झालं की त्या बाजूचे मायक्रोआरएनए सुटेच होत नाहीत, वळणाला चिकटून राहतात. ३ए पातं शाबूत असतं, दुसऱ्या बाजूचे येत राहतात. लेट-७ कुळ बहुतांशी ५ प्राइम बाजूला असतं, आणि लेट-७ चं काम पेशीला "आता वाढ पुरे" सांगणाऱ्यांपैकी. ब्रेक गेला, बाकीची गाडी चालू.

डायसर पूर्ण गेला तर पेशी तग धरत नाही. २००३ साली डायसरच नसलेले उंदरांचे गर्भ केले होते, ते साडेसात दिवसांच्या सुमारास संपले. म्हणून गाठीत अर्धी चालणारी कात्री सापडते.

हा वारसा आणि तुमच्या मुलीसारख्या गाठी यांचं नातं २००९ साली समजलं. ज्यांच्याकडे बदल आहे त्यातल्या पुष्कळांना कधीच कर्करोग होत नाही, थायरॉइडच्या साध्या गाठी मात्र बऱ्याच जणांत दिसतात, बायकांमध्ये जास्त. घरात आणखी लहान मुलं असतील तर त्यांच्या चाचणीबद्दल जनुकीय समुपदेशकांना जरूर विचारा.

मायलेक | शुक्रवार, सकाळी ९:५०

डॉक्टर, सहा वर्षांत पहिल्यांदा हे कुणीतरी माझ्या भाषेत सांगितलं. धाकटा दीर आहे, त्याला चार महिन्यांचं बाळ आहे. आजच फोन करते.

रिकामटेकडा_नाही | शुक्रवार, दुपारी १२:१०

थोडं अवांतर. कोलेस्टेरॉलसाठी वर्षातून दोनदा टोचायचं नवीन इंजेक्शन आहे म्हणे, तेही आरएनए कापूनच काम करतं. म्हणजे त्यात डायसर असतो का?

पिपेट | शुक्रवार, दुपारी १:००

काका, ते इन्क्लिसिरान. पहिला डोस, तीन महिन्यांनी दुसरा, मग दर सहा महिन्यांनी. त्यात डायसर नसतो, उलट ते डायसरला वगळतं. कारखान्यात आधीच मापून बनवलेला छोटा दुपदरी तुकडा असतो, यकृताने ओळखावा म्हणून त्याला एक साखर जोडलेली. यकृतातला अर्गोनॉट त्याचा एक पदर घेतो आणि पीसीएसके९ नावाच्या प्रथिनाचा संदेश कापत राहतो. ते प्रथिन कमी झालं की यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल जास्त ओढून घेतं. या तऱ्हेचं पहिलं औषध २०१८ साली आलं, पॅटिसिरान, एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावर. डायसर किती लांबीचे तुकडे करतो ते कळलं, म्हणूनच तसे तुकडे बाहेर बनवता आले.

घ्यायचं की नाही ते तुमच्या डॉक्टरांवर सोडा.

शाईपेन | शनिवार, दुपारी ४:३०

आज तास झाला. बाजारातून चार हात मोगऱ्याची माळ नेली होती. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला पुढे बोलावलं आणि म्हटलं, पट्टी न घेता सारखे तुकडे कर. तिने क्षणभर बघितलं आणि स्वतःच कोपराला माळ लावली. मी काहीच सांगितलं नव्हतं. पहिले दोन तुकडे तिने केले, तिसरा वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाने. तीन तुकडे टेबलावर शेजारी ठेवले, तर तिसरा चार बोटं लांब. मग फळ्यावर एल काढला आणि पाझ, दांडा, दोन पाती दाखवली. मुळाक्षरांची ओळही लिहिली.

तास संपताना तीच मुलगी म्हणाली, "मॅडम, मग ज्याच्या डायसरचा हात लांब, त्याचे तुकडे लांब असणार. असे प्राणी आहेत का?"

मी जिआर्डियाचं नाव घेतलं, पण खात्रीने सांगता आलं नाही. आहेत का हो?

अनुस्वार | शनिवार, संध्याकाळी ६:०५

आहेत. जिआर्डियाचा डायसर २५ ते २७ अक्षरांचे तुकडे करतो, आपल्यापेक्षा लांब. आणि पपईवाल्या दादांच्या विषयाकडे वळायचं तर अ‍ॅराबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात एकाच झाडात वेगवेगळ्या मापांचे हात आहेत. त्याचा चौथा डायसर २१ अक्षरांचे तुकडे करतो, दुसरा २२ चे, तिसरा २४ चे. २१ आणि २२ चे तुकडे व्हायरसशी लढायला, २४ चे स्वतःच्या डीएनएतले उपद्रवी भाग बंद ठेवायला.

तिला सांगा, तिने जे भाकीत केलं ते खरं आहे.

मोगरा_दादर | शनिवार, संध्याकाळी ६:४०

आईला धागा वाचून दाखवला. ती विचारते, चार हात माळ केवढ्याला पडली?

शाईपेन | शनिवार, संध्याकाळी ६:५२

ऐंशी रुपये. घासाघीस केली नाही.